जड शब्द

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात कुणी कुणाशी बोलत नसे, ओरडत असे. मोठाल्या ड्रमची मशिने एकदा फिरू लागली की त्यांचा घोष भिंतींतून, फरशीतून, पायांच्या तळव्यांतून वर चढायचा, आणि माणसाचा आवाज त्यात साबणाच्या फेसासारखा विरून जायचा. त्यामुळे तिथल्या बायकांची बोलीच निराळी झाली होती. शब्द थोडे, आखूड आणि दणकट. उरलेले काम हातवाऱ्यांवर. लांबलचक वाक्य तिथे कुणाला परवडत नसे.

अशा त्या गदारोळात थोरली भौतिकशास्त्र शिकत होती.

घरातली मोठी मुलगी म्हणून ती थोरली. धुलाईघरात तिला मास्तरीण म्हणत, आणि ते काही निव्वळ कौतुकाने नव्हे. वॉर्डांतून आलेल्या चादरी ड्रममध्ये कोंबल्या, झाकण लावले, की धुणे होईपर्यंत हात मोकळे. त्या वेळात बाकीच्या जणी पाय पसरून बसत; थोरली साबणाच्या डब्याला मोबाइल टेकवून उभा करी आणि विज्ञानाचे व्हिडिओ लावी. ते धाकट्या बहिणीने पाठवलेले असत. धाकटी एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि आपल्या वर्गातल्या मुलांसाठी शोधलेले चांगले व्हिडिओ आधी बहिणीला पाठवायची. पडद्यावर एक चष्मेवाला तरुण टेबलावरचा कपडा झटक्यात ओढून घेई, आणि वरच्या बशा, पेले, फुलदाणी सगळे जागच्या जागी उभे राही. मग तो तोंड हलवून बराच वेळ काहीतरी समजावून सांगे. त्यातले एक अक्षर ऐकू येत नसे. ड्रम त्याचे सगळे विवेचन गिळून टाकायचा.

तेव्हा विवेचन थोरलीला स्वतःच करावे लागले.

मळके कपडे निवडणारी मावशी त्या तळघरातली सर्वांत जुनी. तिने एकदा पडद्याकडे बोट दाखवून भुवया उडवल्या: या पडत कशा नाहीत? थोरलीने क्षणभर विचार केला आणि ओरडून सांगितले, "हट्टी आहेत. जागा सोडणार नाही म्हणतात."

"मग आमच्या सासरच्या दिसतात," मावशी ओरडली.

त्या दिवसापासून तळघरातल्या वस्तूंना हट्ट आला. ओल्या कपड्यांनी भरलेली ट्रॉली ढकलायला गेले की ती आधी हलतच नाही, हा तिचा हट्ट. आणि एकदा चालू लागली की दाराशी थांबवताना माणसालाच ओढत नेते, तोही हट्टच. हे दुसरे थोरलीच्या ध्यानात आले तेव्हा तिने ट्रॉली पुन्हा पुन्हा ढकलून आणि थांबवून पाहिली. आजवर तिला वाटे, न हलणे वेगळे आणि न थांबणे वेगळे. एकात आळस, दुसऱ्यात मस्ती. आता ती दोन्ही एकाच मुळाचे फुटवे निघाली. उभ्याचा उभे राहण्याचा हट्ट, चालत्याचा चालत राहण्याचा. तिने हे सगळ्यांना हातवाऱ्यांनिशी सांगितले. चादरींच्या घड्या करणारी घडीवाली शांतपणे म्हणाली की यात नवल काहीच नाही, तिचा नवरा असाच आहे. निजला की उठत नाही आणि उंबरा ओलांडला की परत येत नाही.

हसण्याचा आवाज ड्रमच्या आवाजात कळत नाही. नुसती तोंडे उघडी दिसतात आणि खांदे हलताना दिसतात. थोरलीला ते दृश्य फार आवडे. आपण काहीतरी बोललो आणि इतके खांदे हलले, असे तिच्या लहानपणी कधी घडले नव्हते.

लहानपणी तिचा उजवा कान वाहत असे. मागच्या बाकावर बसलेल्या त्या मुलीला गुरुजींचा प्रश्न अर्धाच ऐकू येई, आणि अर्ध्या प्रश्नाला ती अर्धे उत्तर देई. एके दिवशी गुरुजींनी आईला बोलावून सांगितले की मुलगी डोक्याने जड आहे. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. एखाद्या पोत्याचे वजन सांगावे तसे त्यांनी सांगितले. पण तो शब्द आईबरोबर घरी आला आणि घरातलाच होऊन बसला. पाहुण्यांना तो सांगितला जाई, शेजारणींना सांगितला जाई. थोरली समोर उभी असतानाही सांगितला जाई, कारण जड माणसाला काय कळणार. पुढे इस्पितळातल्या डॉक्टरांनी कान तपासला आणि म्हणाले, अहो, हिचा कान जड आहे, डोके नव्हे. तोवर शाळा सुटून बरीच वर्षे झाली होती, आणि ती त्याच इस्पितळाच्या तळघरात चादरी धुवत होती. डॉक्टरांनीसुद्धा शब्द तोच वापरला, नुसती त्याची जागा बदलली. थोरलीने मात्र तेव्हापासून तो तोंडातून हद्दपार केला. गाठोडे तिच्या लेखी भारी असे. जड कधीच नसे.

म्हणून त्या सुट्टीच्या दिवशी जे झाले ते तिला फार लागले. घरी दुपारची सामसूम होती. तिने डाव्या कानात इअरफोन घातला आणि तोच बशांचा व्हिडिओ प्रथमच आवाजासकट लावला. तिला त्या तरुणाचा आवाज ऐकायचा होता, आपला हट्ट तो कोणत्या नावाने हाकारतो ते जाणून घ्यायचे होते. त्याचा आवाज गोड निघाला. तो म्हणाला, वस्तूच्या या गुणधर्माला जडत्व असे म्हणतात.

तिने इअरफोन काढला. थोड्या वेळाने पुन्हा घातला, व्हिडिओ मागे नेला, पुन्हा ऐकले. तेच.

आधी तिने स्वतःची समजूत घातली की हा काही वेगळाच विषय असणार. जडत्व म्हणजे जडपणा, म्हणजे वजन, आणि हा तरुण वजनाबद्दल बोलत असणार. पण समोर बशा त्याच होत्या. ज्याला तिने हट्ट म्हटले होते, त्यालाच शास्त्राने तिची शिवी चिकटवून ठेवली होती. आणि तीही तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून.

धाकटीला हे सांगितले तेव्हा ती हसली नाही, हे खरे. पण तिला ते पटलेही नाही. तिचे म्हणणे असे की शब्द जुना आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. जग दोन प्रकारचे, जड आणि चेतन. ज्यात जीव नाही ते जड, एवढाच त्याचा अर्थ. "दगडाला म्हणतातच ना जड? त्याला कुठे वाईट वाटतं?"

"दगडाला शाळेत घातलं नव्हतं," थोरली म्हणाली.

हा वाद एरवी घरातल्या घरात विरून गेला असता. पण त्या वर्षी तंत्रनिकेतनाने नोकरी करणाऱ्यांसाठी यंत्रदेखभालीचा वर्ग काढला. आधी लेखी परीक्षा, मग तोंडी, मग प्रवेश. वयाची अट या एकाच वर्षापुरती थोरलीच्या बाजूने होती. पुढच्या वर्षी ते दार तिच्यासाठी बंद. धाकटीने तिला न विचारता तिचे नाव घातले, आणि थोरलीने न रागावता ते राहू दिले.

तिला ते हवेच होते, आणि का हवे होते हे तिला नेमके ठाऊक होते. ड्रम बंद पडला की बाहेरून मिस्त्री यायचा. बायकांकडे पाठ करून मशिनच्या मागचा पत्रा उघडायचा, आत हात घालायचा, काहीतरी करायचा, पत्रा लावायचा आणि निघून जायचा. काय बिघडले होते, असे थोरलीने एकदा विचारले, तर तो म्हणाला, ते तुमच्या कामाचं नाही. मुकादमाने पुस्ती जोडली की आत बघून काय करणार, आतसुद्धा कपडेच आहेत. बायका हसल्या, थोरलीही हसली. पण इतकी वर्षे मशिनच्या तोंडाशी काढल्यावर तिला आता त्याची पाठ पाहायची होती. तो पत्रा आपल्या हाताने उघडावा आणि आत जे फिरते ते का फिरते हे कुणाला न विचारता आपल्याला कळावे, यापलीकडे तिची काही मागणी नव्हती.

तोंडीची तयारी धाकटी करून घेऊ लागली. दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसत आणि आई भाजी निवडत ऐके.

"ताई, टेबलक्लॉथ ओढला तरी बशा का पडत नाहीत?"

"हट्टामुळे."

"जडत्वामुळे. म्हण."

थोरली खिडकीबाहेर बघे.

"अगं, एकदा म्हण तरी. तिथे गुण शब्दाला असतात."

आई भाजीवरची नजर न काढता म्हणाली, "तू मघापासून ढकलतेयस आणि ती जागची हलत नाही. मग उदाहरण घरातच आहे की. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

दोघी हसल्या, आणि त्या दिवसापुरता तंटा मिटला. लेखी परीक्षेत थोरलीने जडत्व असे स्वच्छ अक्षरात लिहून दिले. हाताला त्या शब्दाचे वावडे नव्हते. जीभ मात्र ऐकत नव्हती.

तोंडी परीक्षेच्या खोलीत एक लांब टेबल होते, त्यामागे परीक्षक बाई आणि त्यांच्या बाजूला एक तरुण सर. बाई वयस्क, काटक. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग ना लोभ. थोरलीने आत जाताच सांगितले की उजव्या कानाने ऐकू येत नाही, खुर्ची जरा वळवून घेते. बाईंनी मानेनेच होकार दिला. पहिले काही प्रश्न सोपे होते आणि तिने ते सहज सोडवले. मग बाईंनी तिच्या अर्जावर नजर टाकली आणि विचारले, "तुम्ही धुलाईघरात काम करता. गच्चीवरून दोन गाठोडी एकाच वेळी सोडली, एक ओल्या चादरींचं, एक सुक्या. आकाराने सारखीच. आधी खाली कोण येईल?"

थोरलीच्या अंगातून आनंदाची एक लहर गेली. हा तर तिचाच प्रांत.

"सुकं," ती म्हणाली.

सरांनी चमकून वर पाहिले. बाईंनी विचारले, का?

"ओल्याचा हट्ट मोठा. ते हलायलाच वेळ लावतं. सुकं चटकन निघतं."

सरांना हसू आवरले नाही. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या की इतकी वर्षे त्या हा प्रश्न विचारत आल्या आहेत. चुकणारे सगळे म्हणतात की भारी गाठोडे आधी पडेल. हलके आधी पडेल असे आजवर कुणी म्हटले नव्हते. दोन्ही एकदमच पडतात. मग त्यांनी विचारले, "हा हट्ट म्हणजे काय?"

थोरलीने सांगितले. उभ्याचा उभे राहण्याचा, चालत्याचा चालण्याचा. ट्रॉलीचे उदाहरण दिले, बशांचे दिले. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे जडत्व."

थोरलीने नुसती मान डोलावली.

"कल्पना तुम्हाला आहे. पण या शब्दाने तुम्हाला फसवलंय. हट्ट म्हटलं की त्यात मन आलं, इच्छा आली. आणि वस्तूला इच्छा नसते. म्हणून तुमचं उत्तर चुकलं. तो शब्द सोडा, जडत्वाची व्याख्या सांगा, आपण पुढे जाऊ."

वाट इतकी सरळ होती की तिच्यावरून चालायला पायही उचलावे लागले नसते. व्याख्या तिला पाठ होती. धाकटीने ती रात्रंदिवस घोकून घेतली होती. बाईंच्या आवाजात अडवणूक नव्हती, उलट एक हात पुढे केलेला होता. थोरलीला वाटले, हिला सांगावे सगळे: गुरुजी, मागचा बाक, कान. पण सांगितले असते तर बाईंना दया आली असती, आणि दयेचे गुण घेऊन तिला मशिनचा पत्रा उघडायचा नव्हता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "शब्दाची नाही."

"मग ते दाखवा."

तिला दाखवता येईना. दोन्ही गाठोडी एकदम पडत असतील तर मोठा हट्ट गेला कुठे? बाईंनी शेऱ्याच्या जागी फेरतोंडी असे लिहिले. पुन्हा एकदा यावे. ती शेवटची संधी.

बाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि मग तिचा तोल गेला. एका शब्दासाठी, ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. लोक एका शब्दासाठी प्राण देतात असे गोष्टींत असते, पण एका शब्दासाठी प्रवेश घालवणारी माणसे तिने आजच पाहिली. थोरलीने ते मुकाट सोसले. रागाचे तिला काही वाटत नव्हते, धाकटीचा राग मायेचाच होता. पण बसमधून उतरताना धाकटी हलक्या आवाजात जे म्हणाली ते तिच्या आत खोल गेले. "ताई, मला तर वाटतं, तुझा तो हट्ट शब्दच चुकीचा असेल."

कारण तसे असेल तर सगळेच संपले. मग तळघरात तिने केलेले सारे विवेचन म्हणजे निव्वळ बडबड, आणि ते हलणारे खांदे एका जड बाईच्या गमतीला हसलेले. प्रवेश जाण्याचे दुःख मोठे होते. पण त्याच्याही तळाशी ही भीती बसली होती, आणि ती अधिक थंड होती.

दुसऱ्या दिवशी तिने मोबाइल बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घडीवालीने खुणेने विचारले, आज शाळा बंद? मावशीने मात्र थेट मनगट धरले आणि जेवणाच्या सुट्टीत, ड्रम थांबलेले असताना, तिला समोर बसवून सगळे वदवून घेतले. तळघरातली ती शांतता नेहमीच अवघडल्यासारखी वाटे. सगळ्या जणी अजूनही ओरडूनच बोलत आणि मग आपल्याच आवाजाला दचकत.

"एकदम पडतात म्हणाली ती बाई?" मावशी म्हणाली. "बघितलंय का तिने कधी? आपण बघू."

मावशी जिन्याच्या वरच्या चौकात जाऊन उभी राहिली. एका हातात पिळून काढलेल्या ओल्या टॉवेलांचे गच्च बांधलेले गाठोडे, दुसऱ्या हातात सुक्या टॉवेलांचे. ओल्याने तिचा हात लवला होता. घडीवालीने खाली फरशीला गाल टेकला, म्हणजे कोण आधी टेकते ते नीट दिसावे. मावशीने दोन्ही सोडली.

धप्प असा एकच आवाज झाला.

हात बदलून पाहिले. पुन्हा एकच. कुणीतरी म्हणाले की मावशी लबाडी करतेय, म्हणून दुसरी वर गेली, तरीही एकच. घडीवाली गालाला लागलेली धूळ पुसत उठली आणि म्हणाली, "मास्तरीण, तुझी बाई खरं बोलते. मग आता हट्टाचं काय करायचं? परत करायचा का?"

सगळ्या हसल्या. आता ड्रम बंद होते, त्यामुळे हसू चांगले मोठ्याने ऐकू आले, आणि थोरलीला ते बोचले. ती उठून कोपऱ्यातल्या ट्रॉलीपाशी गेली. काही सुचत नसले की ती काम करी. ट्रॉली ओल्या चादरींनी शिगोशीग भरलेली होती. तिने खांदा लावला. ट्रॉली हलली, पण अशी, की जणू उपकार करतेय. शेजारून घडीवालीने रिकामी ट्रॉली एका हाताने सुसाट पुढे नेली आणि वळून जीभ दाखवली.

हेच तर ती बाईंना सांगत होती. भरलेली मागे, रिकामी पुढे. मग जिन्यावरून पडताना ओले गाठोडे मागे का राहिले नाही?

मावशीला तिची कीव आली असावी. तीही येऊन भरल्या ट्रॉलीला लागली. मग आणखी एकीने हात लावला, मग आणखी एकीने. ट्रॉली सरसरत निघाली आणि बघता बघता घडीवालीच्या रिकाम्या ट्रॉलीच्या बरोबरीला आली. दोन्ही ट्रॉल्या चाकाला चाक लावून दारापर्यंत एकत्र गेल्या.

थोरली दाराशी थांबली. ट्रॉलीचा दांडा तिने घट्ट धरून ठेवला होता.

तिने हट्ट पाहिला होता. ओढ पाहिलीच नव्हती. ओले गाठोडे जास्त हट्टी, हे खरेच होते. पण जमीन त्याला ओढतेही तितक्याच जास्त जोराने. जणू त्याला ढकलायला अनेक जणी लागलेल्या. सुक्याचा हट्ट लहान, त्याची ओढही लहान. जेवढा हट्ट तेवढीच ओढ. म्हणून कुणी मागे पडत नाही. भारी आणि हलके यांना ही माती एकाच वेळी कुशीत घेते, आणि ती निवड करत नाही म्हणून नव्हे, तर ज्याचा जितका नकार त्याला ती तितकी ओढून घेते म्हणून.

तिने हे मोठ्याने सांगितले. इतक्या मोठ्याने सांगायची गरज नव्हती. मावशी म्हणाली, "मग शब्द बरोबर होता म्हणायचा."

"अर्धा होता," थोरली म्हणाली. "अर्धं मी विसरले होते."

फेरतोंडीच्या दिवशी धाकटी पुन्हा बाकावर येऊन बसली. या वेळी तिने काही घोकून घेतले नाही. फक्त थोरली आत निघाली तेव्हा तिची ओढणी सारखी केली आणि म्हणाली की आता तुला जे म्हणायचंय ते म्हण, पण रडू नकोस. थोरलीने विचारले, मी कधी रडले? धाकटी म्हणाली, मी स्वतःलाच सांगतेय.

आत बाई त्याच, सरही तेच. बाईंनी प्रश्नही तोच विचारला, एक अक्षर न बदलता. थोरलीने आधी आपली चूक सांगितली, मग ट्रॉलीचे सांगितले, मग ओढीचे. शेवटी म्हणाली की वस्तूला इच्छा नसते हे बाईंचे म्हणणे तिला मान्य आहे. पण चपलेला दात नसले तरी ती चावते असे आपण म्हणतोच, आणि ऐकणाऱ्याला त्यात दात दिसत नाहीत. सरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिले. बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. आता त्या हट्टाचं नाव सांगा."

खोलीत पंखा फिरत होता.

"मी लेखीत लिहिलंय ते," थोरली म्हणाली. "मला ठाऊक नाही असं नाही. तोंडाने मी हट्टच म्हणणार."

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या बोलण्यात या वेळीही धार नव्हती, आणि म्हणूनच ते खोडून काढायला अवघड होते. शब्द हे एकट्याचे घर नसते, असे त्यांनी सांगितले. उद्या मशीन बिघडेल, दुसऱ्या गावचा, दुसऱ्या कारखान्याचा माणूस शेजारी उभा असेल. त्याला हट्ट म्हणून काय कळणार? शास्त्राचा शब्द रुक्ष असतो, कधी वाईटही असतो, पण तो सगळ्यांचा असतो, आणि त्याची किंमत तेवढ्यासाठीच. थोरलीने हे सगळे डाव्या कानाने नीट ऐकून घेतले. त्यात तथ्य होते. ते नाकारावे असे तिला वाटले नाही.

"सगळ्यांचा असतो, कबूल," ती म्हणाली. "त्या माणसाशी बोलताना मी त्याला समजेल तेच लिहून दाखवीन. पण आमच्या तळघरात सगळ्या जणी हट्ट म्हणतात. ज्यांना कुणी कधी शिकवलं नाही, त्यांना तो एका दुपारी कळला. आम्ही त्या सगळ्यांत येतो की नाही?"

"येता," बाई म्हणाल्या. "पण माझ्यासमोर जो गुणांचा कागद आहे, त्यात तो शब्द नाही. त्या शब्दाचे गुण मला कापावे लागतील."

"कापा."

सर पुढे वाकून म्हणाले की बाई बहुधा स्पष्ट बोलल्या नाहीत. ते गुण गेले तर यापुढचे एकही उत्तर चुकून चालणार नाही, आणि ही शेवटची संधी आहे. एक शब्द, बाकी काही नाही. थोरलीला त्यांचा राग आला नाही. धाकटीही बाहेर हेच म्हणत असणार, आणि दोघांचेही हिशेब चोख होते.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तेवढे गुण माझ्या नावावरून जाऊ द्या."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. पेन उचलून त्यांनी कागदावर एक सरळ रेघ मारली, घाई न करता, आणि त्या रेघेकडे त्या क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी बाजूच्या प्रश्नचिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातला वरचा प्रश्न उलटा करून ठेवला आणि अगदी खालून एक काढला.

"हा अवघड आहे," त्या म्हणाल्या.

थोरलीने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"विचारा."